चेतनच्या नावाचा रोट

१

सुरतेजवळच्या उधन्याच्या स्टेशनात पुतणजावई घ्यायला आला, तेव्हा उषाबाईनं कपड्यांची पिशवी त्याच्या हाती दिली, छत्री दिली, पाण्याची बाटलीही दिली. पोटाशी धरलेलं फडक्यातलं गाठोडं मात्र काही केल्या सोडलं नाही. भटू बिचारा साधा माणूस, पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये रंगाच्या वाफेत दिवस काढणारा. त्याला वाटलं, सासूबाईंनी दागिनेबिगिने आणले की काय.

"काकी, एवढं काय शे त्यामा?"

"रोट शे," उषाबाई म्हणाली.

भटूनं पुढं केलेला हात मुकाट्यानं मागे घेतला. तो खानदेशचा होता, त्याला आणखी सांगावं लागलं नाही.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगायचं तर इतकंच. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट करायचे, त्याचा गहू शेरापायलीनं मोजत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकायची, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. मग ते रोट त्याच रक्ताच्या माणसांनी खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. जावयाला द्यायचे नाहीत, शेजाऱ्याला नाहीत, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाहीत. जो रोट खाईल तो त्या घरचा.

उषाबाईच्या घरी यंदा त्या सुपाशी भांडण झालं. तिचा धाकटा मुलगा चेतन सुरतेला मिलमध्ये होता. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात इथं प्लेग आला आणि अख्खं शहर जीव घेऊन पळालं, त्या पळापळीत तो नाहीसा झाला. मेल्याची खबर नाही, जगल्याची नाही. वर्ष होत आलं. भाऊबंदांतले थोरले सुकलालआबा म्हणाले, ज्याचा ठावठिकाणा नाही त्याची मूठ टाकू नये. जिवंत माणसाची मूठ चुकली तर पाप लागतं हे खरं, पण नसलेल्याची टाकली तर... आणि पुढचं वाक्य त्यांनी सुपारीबरोबर तोंडातच घोळवलं. उषाबाईचा नवरा बन्सीलाल खाली मान घालून बसला होता, तो तसाच बसून राहिला. तेव्हा उषाबाई उठली, सगळ्यांच्या देखत गव्हात हात घातला, आणि लेकाचं नाव वाड्यापाड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं घेतलं.

आता मूठ टाकली म्हणजे तो रोट चेतननंच खायला हवा होता, आणि पौर्णिमा तोंडावर आली होती. कानबाईचं विसर्जन झालं तसं तिनं सुरतेची गाडी धरली. नवरा, दीर, पोलीस सगळे शोधून थकले होते. ही बाई एका रोटाच्या जोरावर निघाली. वेडेपणा म्हणायचा तर म्हणा. तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

२

चेतनला शेवटचं पाहिलं ते त्याच्या खोलीतल्या सोबत्यानं. स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही म्हणून दोघं नदीवर आले होते, पलीकडे रांदेरला होडीनं जाऊ म्हणून. किल्ल्याजवळच्या ओवाऱ्यावर, म्हणजे आपल्याकडच्या घाटावर, ही गर्दी. सोबती होडीत चढला, वळून बघतो तर पायऱ्यांवर चेतन नव्हता. एवढीच हकिगत, आणि ती ऐकून ऐकून उषाबाईला पाठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी भटूची सुट्टी होती. तो तिला त्या ओवाऱ्याजवळच्या चौकात घेऊन आला. भटूला पाहुण्याला गाव दाखवायची भारी हौस. बाई कशासाठी आलीय हे माहीत असूनही त्याला राहवेना. किल्ला दाखवला, जुना पूल दाखवला, मक्काई पुलाकडे बोट केलं.

"केवढं बंदर व्हतं, काकी! सगळा मुलूखना जहाजं आठे लागेत. मक्केले जानारा लोक आठूनच जायेत. आते काय, सगळा गाळ."

उषाबाईनं पाहिलं. जहाज कुठलं, दोन होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या. जुन्या भिंतीला लोखंडी कड्या होत्या, जहाजं बांधायच्या, गंजून भिंतीत मुरलेल्या. सगळं गाव नदीकडे पाठ करून बसलेलं. पण पाणी दिसलं आणि तिचा जीव थोडा निवला, कारण ही तिची तापीच होती. गावाकडे हिच्याच काठावर ती धुणं धुवायची, हिच्यातच काल कानबाई बोळवली होती. परमुलखात माहेरचं कुणी भेटावं तशी ती भराभर पायऱ्या उतरली.

खालच्या पायरीवर ती थांबली. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळेना. पाण्यावर एक झेंडूची माळ चालली होती. माळ उजवीकडून डावीकडे जायला हवी होती. ती डावीकडून उजवीकडे, वर, उषाबाईच्या गावाच्या दिशेनं चालली होती.

"पाव्हना, नदी उलटी कशी?"

"भरती शे, काकी. समुद्र आत घुसस. उकाईना धरननं अजून पानी सोडेल नही, म्हनीसन इतलं दिसस."

भटूनं इतकं सहज सांगितलं की तिला विचारल्याचीच लाज वाटली. जन्मभर तिनं तापीला जे दिलं ते गेलं होतं. फुलं गेली, राख गेली, कानबाई गेली. दिलेलं परत आणणारी तापी तिनं पाहिलीच नव्हती.

लेक जिथून गेला तिथंच त्याचा रोट पोचवायचा म्हणून तिनं गाठोडं सोडलं. शेवटच्या पायरीवर जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्या खलाशानं मान वर केली आणि हात हलवला.

"बेन, अत्यारे ना नाखो. भरती चढे छे. पाछुं आवशे."

"आता टाकू नका म्हनस," भटू म्हणाला. "भरती शे, परत यी म्हनस."

परत येईल. वर्षभर शंभर देवांना जे मागितलं ते एका परक्या म्हाताऱ्यानं आपणहून सांगितलं, असं उषाबाईला वाटलं. तिला कळलं नव्हतं असं नाही. म्हातारा हटकतोय हे तिला चांगलं समजत होतं. पण त्याचे ते शेवटचे दोन शब्द तिला हवे होते, आणि ते तिनं घेतले. गुडघाभर पाण्यात उतरून तिनं रोट पाण्यावर ठेवला.

"चेतन! मना लेकरा, खाई ले आणि घर ये!"

रोट जड, जाड, गुळाचा. तो लगेच बुडायला हवा होता. तो तरंगला, पाण्याबरोबर थोडा वर गेला, मग पाणी वर जात असतानाही जागच्या जागी थांबला. आणि मग खालून कुणीतरी ओढून घ्यावा तसा गेला. बुडबुडाही आला नाही.

म्हाताऱ्यानं जाळं गोळा केलं आणि तो वरच्या पायरीवर जाऊन बसला.

३

भटू आणि त्याची बायको उज्ज्वला यांची खोली सुरतेच्या गोडादऱ्यात होती. खोली एकच, पण तिनं ती आरशासारखी ठेवलेली. दाराशी चूल म्हणजे स्टोव्ह, भिंतीला खाट, मागच्या कोपऱ्यात मोरी आणि मोरीपुढं जुन्या साडीचा पडदा. गल्लीत लूमची खाती होती, म्हणजे यंत्रमागांचे छोटे कारखाने. सकाळपासून ती अशी खडखडत की जमिनीवर ठेवलेला पेला आपोआप सरकायचा. पाहुण्यांना पहिला दिवस ते सहन होत नाही, दुसऱ्या दिवशी ऐकू येत नाही, असं उज्ज्वला हसून सांगायची. ती उषाबाईच्या थोरल्या दिराची मुलगी. काकूवर तिचा जीव होता.

ओवाऱ्यावरून दोघं आले तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. उज्ज्वलानं ताटं मांडली. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. उषाबाई हात धुऊन बसली आणि बसता बसता तिनं पाहिलं.

"उज्ज्वला, चार ताटं कोनाकरता?"

"कोठे चार?" उज्ज्वलानं वळून पाहिलं. मग स्वतःच्याच डोक्यावर टपली मारली. "अवो माय! येड लागनं माले."

तिनं एक ताट उचललं. भटू हसला, उषाबाईही हसली. माणूस दमलं की असं होतं. गल्लीतल्या खडखडाटानं कुणाचं डोकं ठिकाणावर राहणार? पण दुपारच्या भाकरी रात्रीला उरतात त्या उरल्या नाहीत, आणि संध्याकाळी उज्ज्वला पुन्हा पीठ मळायला बसली तेव्हा ती कुरकुरलीसुद्धा नाही. जणू इतक्या माणसांना इतकं लागतंच.

सकाळी शेजारची कलाबाई दारात आली. ती परभणीकडची, तोंडाची फटकळ.

"मावशी, लेक आला जणू तुमचा? चांगलं झालं बाई. पण त्याला सांगा, कवाचा मोरीत अंगावर पाणी घ्यायलाय. टाकी रिकामी होईल समद्यांची."

उषाबाईचा घास हातातच राहिला. "कोन? कुनी पाह्यं त्याले?"

"पाहायला कशाला पाहिजे? ऐकू येतंय की भिंतीतून," कलाबाई म्हणाली आणि निघून गेली.

उषाबाईनं पडदा बाजूला केला. मोरीत कुणी नव्हतं. बादली पालथी होती. नळ कोरडा होता, पाणी यायला अजून वेळ होता. मोरीची फरशी मात्र ओली होती आणि तिच्यावर काळा, बारीक गाळ बसला होता. तो तिनं बोटानं उचलला. नाकाशी नेला. ओवाऱ्याच्या खालच्या पायरीचा वास होता, खारट आणि जुना.

तिनं मनाशी हिशेब लावला. आपल्याच पातळाच्या ओच्याला तो चिखल लागला असणार, काल धुताना इथं पडला असणार. हे पटण्यासारखं होतं. तिनं दोन तांबे पाणी ओतून गाळ घालवला, आणि मग त्याच ओल्या फरशीवर बसून हमसून हमसून रडली. कारण तिच्या मनात जी आशा उठली होती ती भीतीपेक्षा मोठी होती, आणि तिला ती दाबता येईना.

४

त्या दिवशी चौथं ताट उषाबाईनंच मांडलं.

भटू कामावर गेला होता, उज्ज्वला साड्यांचं घडीकाम आणायला मार्केटात गेली होती. खोलीत ती एकटी. तिनं भाकरी वाढली, भाजी वाढली, आणि ताट मोरीच्या पडद्याशी सरकवलं. मग स्टोव्हकडे तोंड करून बसली. असं का बसली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. समोरून बघत बसलं तर तो येणार नाही, असं काहीसं वाटलं.

बाहेर लूम खडखडत होते. आणि मग लाईट गेली.

सुरतेत लाईट गेली की आधी शांतता पडते आणि मग अंधार जाणवतो. भरदुपार होती, अंधार कसला. पण गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले आणि कानात नुसती पोकळी झाली. त्या पोकळीत उषाबाईला ऐकू आलं. कुणीतरी जेवत होतं. सावकाश, ओल्या तोंडानं, घास न थांबवता.

तिला मान वळवायची होती. मान वळेना.

"चेतन?"

चावणं थांबलं.

"वाढ, माय."

आवाज चेतनचा होता. देवाशप्पथ चेतनचा होता. उषाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं न बघताच हात मागे करून भाकरी दिली, ती ओढून घेतली गेली. तिनं आणखी एक दिली. तीही गेली.

"वरीसभर कोठे व्हता रे? आम्ही किती शोधं तुले..."

"तू बलावं ना. मंग मी उनू."

"त्याना आधी कोठे व्हता?"

"वाढ, माय."

आता तिला कळलं, त्या आवाजात काय नव्हतं. श्वास नव्हता. माणूस बोलतो, मध्ये दम घेतो, नाक ओढतो, आवंढा गिळतो. हे शब्द नुसते येत होते, नळाला पाणी येतं तसे.

टोपली रिकामी झाली तेव्हा तिनं मान वळवली. पडद्याखालून एक हात ताटावर आला होता आणि ताटाचा तळ बोटांनी पुसून घेत होता. बोटं पांढरी, सुरकुतलेली, फार दिवस पाण्यात राहिल्यासारखी. मनगटापाशी पडदा होता. पडद्यामागे किती जागा आहे हे तिला माहीत होतं. दोन बादल्या ठेवल्या की माणसाला उकिडवं बसता येत नाही. तरी तो हात खूप लांबून आल्यासारखा वाटत होता.

लाईट आली, लूम धडधडले, हात आत गेला. उषाबाई भिंतीला टेकून बसून राहिली. लेकाचा हात होता की नव्हता? नऊ महिने पोटात वागवला, अंघोळी घातल्या, नखं काढली, आणि आता तिला ठरवता येत नव्हतं. एवढी लाचारी तिनं कधी अनुभवली नव्हती. पाण्यात वर्ष काढल्यावर कुणाचाही हात असाच होईल, असं ती स्वतःला सांगत होती. मग ते पाण्यातलं वर्ष म्हणजे काय, हे ती स्वतःला सांगत नव्हती.

५

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी भटू सायकल दामटत घरी आला. कामाच्या वेळेत तो कधी येत नसे. घामानं निथळत होता आणि हसत होता.

"काकी! चेतन सापडना!"

उज्ज्वलाच्या हातातली साडी गळून पडली. उषाबाई उठून उभी राहिली.

"जित्ता शे! पलसाण्याले! आमना खात्यातला आनंदा शे ना, त्यानं त्याले सकाळे हायवेवर पाह्यं, चेतन ट्रकवर क्लीनर शे. पळापळीत जो ट्रक भेटना त्यामा चढना, तो भावनगरकडे गया. तठे तापानं पडना, मंग जहाजं तोडाना कामले लागना. गावकडे निरोप धाडा व्हता म्हने एक जनजवळ, त्यानं पोचाडाच नही. तू आठे शे हाई ऐकीसन रडना तो, काकी. खोली त्याले ठाऊक शे. ट्रक खाली करीसन संध्याकाळपावत यी राह्यना!"

उज्ज्वला काकूच्या गळ्यात पडली. भटूचं बोलणं थांबत नव्हतं, पण पाळी सोडून आला होता, त्याला परत जाणं भाग होतं. उज्ज्वलानं पिशवी उचलली. भाऊ येणार, राखीचाच दिवस, पेढे हवेत, राखी हवी. "काकू, मी हाई उनू," म्हणत ती चपला घालून पळालीच.

उषाबाई एकटी राहिली. तिला आनंद झाला होता. लेक जिवंत होता, ट्रकवर होता, तापातून उठला होता, संध्याकाळी येणार होता.

आणि मग तिच्या लक्षात आलं की पडद्यामागचं चावणं थांबलंय.

"कोन यी राह्यनं, माय?"

ती पडद्यापासून मागे सरकली.

"येऊ दे," तो आवाज म्हणाला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "त्याले आत ले. मी दारजवळ बठस."

"नको," उषाबाई म्हणाली. "तू बठ तठेच. मी वाढस तुले."

"मूठ एकनीच टाकेल व्हती ना, माय? मंग दोन कसा जेवतीन?"

पडद्याची खालची कड हलली. ओल्या फरशीवरून काहीतरी खोलीत येत होतं. उषाबाईनं डोळे गच्च मिटून घेतले. तिच्या पायाजवळून गारवा गेला, खारट वास गेला, आणि दाराच्या उजव्या बाजूला, जिथं दार उघडलं की मागे माणूस लपतो, तिथं जाऊन थांबला. तिनं डोळे किंचित उघडले तेव्हा तिला जमिनीवर ओला पट्टा दिसला, आणि दाराच्या कोपऱ्यात एक पाठ. चेतनचाच शर्ट होता. शर्टाच्या आत पाठ अजून पुरती भरली नव्हती.

तिनं पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

६

ऊन कलायच्या आतच तो आला. ट्रक लवकर खाली झाला असावा. उज्ज्वला अजून परतली नव्हती.

गल्लीत चपला घासत चालल्याचा आवाज आला. चेतन लहानपणापासून असाच चालायचा, त्यापायी बापाचा मार खायचा. मग दारावर थाप पडली.

"माय! माय, दार उघड! मी शे, चेतन!"

उषाबाई कडीला हात लावून उभी होती. कडी घातलेली होती. तिच्या कोपराजवळ गारवा होता.

"माय, ऐकू नही येस का? कितला येळ लावी राह्यनी? मना पाय दुखी राह्यनात, सकाळपासून काही खादेल नही मी." मग खोकला. मग नाक ओढलं. मग पुन्हा चिडून थाप मारली. "उघड ना व माय!"

तोच होता. तिला शंकेला जागाच राहिली नाही. भुकेला, वैतागलेला, आईवर खेकसणारा तिचा चेतन. त्या खेकसण्यानं तिच्या अंगभर दूध भरून आल्यासारखं झालं. एक फळी मध्ये. कडी काढली की तो गळ्यात पडला असता, आणि आत पाऊल टाकलं असतं.

कोपऱ्यातून काही आवाज येत नव्हता. तिथं कुणीतरी वाट बघत होतं, आणि त्याला घाई नव्हती.

उषाबाईनं कपाळ दाराला टेकवलं. पळ म्हणून सांगावं, तर तो का म्हणून विचारणार आणि दार ढकलणार, तिचं पोर तसंच हट्टी. आईला काही झालंय म्हणून कडी तोडून आत येणार. त्याला कायमचं घालवायचं तर एकच वाक्य होतं. खानदेशातल्या कुठल्याही पोराला ते वाक्य कळलं असतं. तिनं ते जिभेवर आणलं, आणि तिला वाटलं आपण इथंच मरून पडू.

"कोन चेतन?" ती म्हणाली. "मना चेतन आत जेवी राह्यना."

"काय बोलस माय? मी शे ना!"

"यंदा तुनी मूठ टाकेल नही," उषाबाई म्हणाली. आवाज फाटला तरी तिनं वाक्य पुरं केलं. "सगळा भाऊबंददेखत मीच नही म्हनं. तू आमना घरना नही. जाय आठून. परत ये नको. गावले बी ये नको."

बाहेरची थाप थांबली. मग तो म्हणाला, "तूच नही म्हनं?" अगदी लहान आवाजात. असा आवाज तिनं तो पाच वर्षांचा असल्यापासून ऐकला नव्हता.

"हां," उषाबाई म्हणाली.

फळीच्या फटीतून त्याची सावली दिसत होती. मग सावली हलली. चपला घासत, थांबत, पुन्हा घासत तो गल्लीच्या तोंडाकडे गेला. भटू त्याला गाठेल, समजावेल, पण या वाक्याची समजूत कुणाला घालता येत नाही हे उषाबाईला माहीत होतं. तो पुन्हा या दारात येणार नव्हता. तो जगणार होता, कुठं तरी, आईला शिव्या घालत. तिनं कान दाराला लावून, चपलांचा आवाज लूमच्या आवाजात मिसळून जाईपर्यंत, त्यातला एकेक पाय ऐकला. मग पदराचा बोळा तोंडात कोंबून ती तिथंच खाली बसली.

कोपऱ्यातला गारवा तिच्याजवळ सरकला.

"कोन उनं व्हतं, माय?"

"कोनी नही," उषाबाई म्हणाली. "परका व्हता."

"मंग उद्या घर जाऊत," आवाज म्हणाला. "सुकलालआबा वाट देखी राह्यना व्हई."

उषाबाईनं डोळे पुसले, आणि हो म्हटलं.